लोण्याची पारख

दूध, दही, ताक, लोणी आणि तूप ही एकाच गोरसाची रूपे आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. घरी डेरा होता, रवी होती आणि घुसळणारे हात होते, तोवर लोण्याची पारख निराळी शिकावी लागत नसे. ताकावर गोळा तरंगू लागला की त्याच्या नुसत्या वासावरून घरातील वडीलधारी बाई सांगे की विरजण अधिक आंबले, अथवा साय फार दिवस साठवली गेली. आज आमच्या बडोद्यासारख्या शहरात बहुतेक कुटुंबांचे लोणी सुपरमार्केटमधील थंड कपाटातून येते. तेथे एकाच फळीवर अनेक वेष्टने मांडलेली असतात. एकावर ‘टेबल बटर’ असे लिहिलेले असते, दुसऱ्यावर ‘अनसॉल्टेड’, तिसऱ्यावर ‘कल्चर्ड’, चौथ्यावर ‘व्हाइट बटर’. आणि त्यांच्याच शेजारी, तशाच पिवळ्या डबीत, ‘स्प्रेड’ नावाचा पदार्थही बसलेला असतो. यांपैकी कशासाठी पैसे मोजावे? जाहिरात पाठ असते म्हणून, की रंग मोहक दिसतो म्हणून? भरघोस स्वादाचे लोणी कसे ओळखावे, याचा शास्त्रीय परंतु सोपा विचार या लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

लोणी म्हणजे काय?

दुधात स्निग्धांश अतिसूक्ष्म थेंबांच्या रूपाने विखुरलेला असतो. प्रत्येक थेंबाभोवती एक तलम आवरण असते, त्यामुळे हे थेंब एकमेकांस चिकटत नाहीत. साय किंवा मलई योग्य तितकी थंड करून घुसळली म्हणजे ही आवरणे फाटतात, थेंब एकमेकांस बिलगतात आणि त्यांचे दाणे बनू लागतात. दुधामध्ये पाण्यात स्निग्धांश तरंगत असतो. लोण्यामध्ये उलट स्निग्धांशात पाण्याचे कण अडकून राहतात. ही उलटापालट होणे म्हणजेच लोणी निघणे होय.

घुसळताना उष्णतेचे मान साधले नाही तर ही क्रिया बिघडते. मलई फार गरम असेल तर लोणी ओशट होते आणि बराचसा स्निग्धांश ताकाबरोबर निघून जातो. ती फार गार असेल तर थेंब कडक राहून एकमेकांस धरीत नाहीत. उन्हाळ्यात घुसळताना गार पाणी घालावे आणि कडक थंडीत कोमट पाण्याचा हबका मारावा, ही आपल्या घरातील रीत याच नियमावर आधारलेली आहे. ज्या बायकांनी ती रूढ केली त्यांच्या हाती उष्णतामापक नव्हता. अनुभव मात्र होता.

आता प्रमाण पाहू. गाईच्या दुधात स्निग्धांश साधारणपणे ४ टक्के असतो, तर म्हशीच्या दुधात तो ७ टक्क्यांच्या आसपास असतो. खेडा आणि बडोदा या आपल्या परिसरातील सुरती म्हैस अशा घट्ट दुधाबद्दल प्रसिद्ध आहे. हिशेब केला तर १० किलो म्हशीच्या दुधातून सुमारे साडेआठशे ग्रॅम लोणी मिळावे, आणि तितक्याच गाईच्या दुधातून पाचशे ग्रॅमांपेक्षा थोडे कमी. लोणी महाग का, याचे उत्तर या आकड्यांतच आहे.

लोणी कशास म्हणावे हे आपल्या देशात कायद्याने ठरविलेले आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे टेबल बटरमध्ये दुधाचा स्निग्धांश निदान ८० टक्के असावा लागतो. पाणी १६ टक्क्यांहून अधिक आणि मीठ ३ टक्क्यांहून अधिक चालत नाही. घरगुती धाटणीच्या पांढऱ्या लोण्यासाठी स्निग्धांशाची किमान मर्यादा ७६ टक्के आहे. फ्रान्समधील बिनमिठाच्या लोण्यात स्निग्धांश सामान्यतः ८२ टक्के असतो. दोन टक्क्यांचा हा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो. परंतु स्निग्धांश वाढला की पाणी घटते, आणि जिभेवर लोणी अधिक दाट व भरीव लागते.

स्वाद कोठून येतो?

स्निग्धांशाने लोण्याला भरीवपणा येतो, हे खरे. परंतु ताज्या लोण्याचा जो मन प्रसन्न करणारा सुगंध असतो, तो निव्वळ स्निग्धांशाचा नव्हे. तो पुष्कळसा विरजणाचा असतो.

मलईत विरजण घातले म्हणजे त्यातील सूक्ष्म जंतू दुधातील साखरेचे आम्ल बनवितात. त्यांपैकी काही जाती दुधातील सायट्रिक आम्लाच्या अंशापासून आणखी एक पदार्थ तयार करतात. त्याचे नाव डायॲसिटिल. १८९० च्या सुमारास डेन्मार्कमधील शास्त्रज्ञ व्हिल्हेल्म स्टॉर्क यांनी मलई आंबविण्यासाठी निवडक जंतूंचे विरजण वापरण्याचा मार्ग दाखविला. पुढे १९२९ मध्ये हॉलंडमधील क्लायव्हर, व्हॅन नील आणि डेर्क्स या संशोधकांनी लोण्याच्या सुगंधाचे मूळ डायॲसिटिलमध्ये आहे असे सिद्ध केले. एक किलो लोण्यात हा पदार्थ अवघा काही मिलिग्रॅम असतो. पण तेवढ्यानेच सारे लोणी दरवळते.

यावरून लोण्याचे दोन मुख्य वर्ग पडतात. ताज्या, न आंबविलेल्या मलईपासून काढलेले लोणी चवीला सौम्य व गोडसर असते. आंबविलेल्या मलईचे लोणी किंचित आंबूस, सुगंधी आणि रेंगाळणाऱ्या चवीचे असते. दुकानात ज्यावर ‘कल्चर्ड बटर’ असे भारदस्त नाव छापलेले असते आणि ज्याची किंमतही तशीच भारदस्त असते, ते या दुसऱ्या वर्गातील होय. विद्यार्थिमित्रांनो, हे नाव वाचून बिचकण्याचे कारण नाही. साय साठवावी, तिला विरजण लावावे, ती घुसळून लोणी काढावे, ही आपल्या आजीची पद्धत म्हणजे कल्चर्ड बटरच. भाकरीवर किंवा थालीपिठावर ठेवलेला तो पांढरा गोळा जगातील नामांकित लोण्यांच्या कुळातला आहे.

चाऱ्याचाही स्वादावर परिणाम होतो. हिरवा चारा खाणाऱ्या गाईचे लोणी अधिक पिवळे व मऊ असते. आयर्लंडमध्ये गाई वर्षाचा बराच काळ कुरणात चरतात, त्यामुळे तेथील लोण्याचा सोनेरी रंग प्रसिद्ध आहे. फ्रान्समधील नॉर्मंडी प्रांतातील इसिन्यी गावाच्या लोण्याला तर १९८६ पासून उगमस्थानाचे कायदेशीर संरक्षण लाभले आहे. त्या भागाबाहेरील लोण्यास ते नाव लावता येत नाही.

आणंदची हकीकत

स्वाद हा पदार्थात असतो, तसा तो खाणाऱ्याच्या सवयीतही असतो. याचे उत्तम उदाहरण पाहण्यास फार दूर जावयास नको. बडोद्याहून आगगाडीने अहमदाबादकडे निघाले की चाळीस किलोमीटरांच्या आतच आणंद लागते. याच गावी पोल्सन कंपनीची दुग्धशाळा होती आणि तिच्या लोण्याची त्या काळी देशभर ख्याती होती. १४ डिसेंबर १९४६ रोजी खेडा जिल्ह्यातील दूध उत्पादकांचा सहकारी संघ स्थापन झाला. त्रिभुवनदास पटेल त्याचे अध्वर्यू होते. १९४९ मध्ये डॉ. वर्गीस कुरियन आणंदला आले. आणि ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते संघाच्या नव्या दुग्धशाळेचे उद्घाटन झाले. ‘अमूल’ या नावाने त्यांचे लोणी बाजारात आले.

आता गंमत पाहा. जुन्या प्रसिद्ध लोण्यासाठी मलई काही दिवस ठेवून आंबू दिली जाई, आणि त्यात मीठही सढळ हाताने घातलेले असे. संघाचे लोणी ताज्या मलईचे होते. ताजेपणाच्या दृष्टीने पाहता लोकांनी त्याचे स्वागत करावयास हवे होते. पण गिऱ्हाइकांना ते अळणी आणि बेचव वाटले! त्यांच्या जिभेला आंबूस व खारट लोण्याची सवय जडली होती, आणि तीच त्यांच्या लेखी ‘खऱ्या’ लोण्याची खूण होती. अखेर संघाला मीठ वाढवावे लागले आणि स्वादासाठी डायॲसिटिलचा अंश मिसळावा लागला. पुढे याच लोण्याची देशाला इतकी सवय झाली की आज अनेकांना त्यावाचून दुसरे लोणी लोणीच वाटत नाही.

या हकीकतीत कोणा एकास दोष देण्याजोगे काही नाही. घेण्याजोगा बोध मात्र आहे. जी चव लहानपणापासून जिभेवर बसते तीच श्रेष्ठ, असे आपण मानून चालतो. ‘मला हे आवडते’ आणि ‘हे उत्तम आहे’ ही दोन निरनिराळी विधाने आहेत. पारख करणाराने ती एकमेकांत मिसळू नयेत.

रंग आणि मीठ

पिवळे लोणी अधिक सकस, हा समज सर्वत्र आढळतो. गाईच्या दुधात चाऱ्यातील कॅरोटीन हे पिवळे द्रव्य उतरते, म्हणून तिचे लोणी पिवळसर असते. म्हैस मात्र आपल्या शरीरात कॅरोटीनचे जीवनसत्त्व ‘अ’ मध्ये रूपांतर करून टाकते, म्हणून तिचे लोणी पांढरे शुभ्र निघते. पांढरेपणा हा दोष नव्हे. तो म्हशीचा जातिधर्म आहे. दुकानातील पुष्कळ लोणी रंग घालून पिवळे केलेले असते. त्यासाठी शेंद्रीच्या बियांचा रंग वापरण्याची जुनी पद्धत आहे. हा रंग निरुपद्रवी व कायद्याने मान्य आहे. पण त्यावरून स्वादाचा किंवा गाईच्या दुधाचा निष्कर्ष काढता येत नाही.

मिठाची गोष्ट थोडी वेगळी आहे. मीठ चव खुलविते तसेच लोणी टिकवितेही. १०० ग्रॅम लोण्यात १६ ग्रॅम पाणी आणि २ ग्रॅम मीठ आहे असे समजा. मीठ स्निग्धांशात विरघळत नाही. ते सर्व पाण्याच्या कणांत जाते. म्हणजे त्या कणांतील खारेपणा २ भागिले १८, अर्थात सुमारे ११ टक्के झाला. इतक्या खाऱ्या पाण्यात बहुतेक जंतूंचा निभाव लागत नाही. तथापि मिठाचा एक दुर्गुण आहे: ते लहानसहान उणिवा झाकून टाकते. म्हणून दोन लोण्यांची खरी तुलना करावयाची असेल तर ती बिनमिठाच्या लोण्यांची करावी. बिनमिठाच्या लोण्याला लपावयास आडोसा नसतो.

दुकानात काय पाहावे?

वेष्टनाची पुढची बाजू विकणाऱ्याची असते. मागची बाजू घेणाऱ्याची असते. पुढे हिरवे कुरण, पुष्ट गाय आणि लोण्याचा लुसलुशीत तुकडा यांचे चित्र असते. कित्येकदा ही निव्वळ लोणकढी थाप ठरते; म्हणून वेष्टन उलटावे आणि पुढील गोष्टी क्रमाने वाचाव्यात.

पहिली गोष्ट, पदार्थाचे नाव. ‘बटर’ आणि ‘स्प्रेड’ हे एक नव्हेत. स्प्रेडमध्ये स्निग्धांश कमी असतो, आणि कित्येकदा तो दुधाचा नसून वनस्पती तेलाचा असतो.

दुसरी गोष्ट, घटकांची यादी. नियमानुसार जो घटक वजनाने सर्वांत अधिक, त्याचे नाव प्रथम छापतात. यादीत दुधाचा स्निग्धांश किंवा मलई, मीठ आणि फार तर रंग इतकेच असेल तर ते सरळ लोणी आहे. पाम तेल किंवा अन्य खाद्य तेल दिसले तर तो पदार्थ लोणी नव्हे. मलई आंबविलेली असेल तर विरजणाच्या जंतूंचा उल्लेख सापडतो. केवळ स्वादद्रव्य मिसळले असेल तर तसे लिहिलेले असते.

तिसरी गोष्ट, दर १०० ग्रॅममागे स्निग्धांश किती हा आकडा.

चौथी गोष्ट, तयार केल्याचा दिनांक. एकाच प्रकारच्या दोन पुड्यांत अलीकडच्या दिनांकाची घ्यावी. हवा, उजेड आणि उष्णता हे लोण्याचे तीन वैरी आहेत. त्यांच्यामुळे ते खवट होते. लोण्याला शेजारच्या वस्तूचा वास चटकन लागतो, म्हणून उग्र वासाच्या पदार्थांजवळ ठेवलेले लोणी टाळावे आणि घरीही ते झाकून ठेवावे.

पाचवी गोष्ट, पुडीचा आकार. कोपरे दबलेले किंवा वेष्टन तेलकट झालेले असेल तर लोणी वाटेत वितळून पुन्हा गोठले असण्याचा संभव असतो. असे लोणी रवाळ लागते, आणि त्याची मूळची घडण परत येत नाही.

भावाचे गणित

स्वस्त ते स्वस्तच असते असे नाही. समजा, ५०० ग्रॅम लोणी ३०० रुपयांस मिळते आणि त्यात दुधाचा स्निग्धांश ८० टक्के आहे. शेजारी ५०० ग्रॅम स्प्रेड २४० रुपयांस आहे, आणि त्यात दुधाचा स्निग्धांश ६० टक्के आहे. पहिल्यात ४०० ग्रॅम स्निग्धांश मिळाला, म्हणजे एका ग्रॅमला ७५ पैसे पडले. दुसऱ्यात ३०० ग्रॅम मिळाला, म्हणजे एका ग्रॅमला ८० पैसे पडले. जी डबी ६० रुपयांनी स्वस्त वाटली तीच महाग ठरली! उरलेल्या वजनात बहुतांशी पाणी होते, आणि ते आपण स्निग्धांशाच्या भावाने विकत घेतले. हे त्रैराशिक इयत्ता सातवीच्या विद्यार्थ्यास अवघड नाही. घरातील मोठ्या माणसांबरोबर बाजारात गेल्यास त्याने ते जरूर करून दाखवावे.

करून पाहण्याजोगे प्रयोग

पहिला प्रयोग. ताज्या मलईचे दोन सारखे भाग करावेत. एकास चमचाभर ताजे दही लावून रात्रभर ठेवावे. दुसरा तसाच शीतकपाटात ठेवावा. दुसऱ्या दिवशी दोन्ही भाग गार करून निरनिराळे घुसळावेत, लोणी गार पाण्याने धुवावे आणि डोळे मिटून दोहोंची चव घ्यावी. लोणी अगदी थंड असताना चाखू नये, कारण गारठ्याने वास दबतो. चांगले लोणी जिभेवर चटकन विरघळते आणि टाळूला मेणासारखा थर राहत नाही.

दुसरा प्रयोग. बिनमिठाचे १०० ग्रॅम लोणी तोलून घ्यावे आणि मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली मंद विस्तवावर कढवावे. पाणी उडून जाईल, बेरी तळाशी बसेल. तूप गाळून पुन्हा तोलावे. ते ८० ग्रॅमांच्या जवळपास भरले तर वेष्टनावरील आकडा खरा समजावा; गाळताना थोडे तूप भांड्यास व बेरीस चिकटून राहते, तेवढी सूट द्यावी.

तिसरा प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेत गुरुजींसमोर करावा. थोडे लोणी पाण्यात उकळून पाणी निवू द्यावे आणि त्यात आयोडिनच्या द्रावाचे दोन थेंब टाकावेत. निळा रंग आला तर लोण्यात पिठूळ पदार्थाची भेसळ आहे. अशी भेसळ करणारे लोक मेल्याच्या टाळूवरचे लोणी खाणाऱ्यांच्याच पंगतीतले होत.

समारोप

उत्तम लोणी थोडेच खावे, पण ते उत्तम असावे, असे आमचे मत आहे. पोळीवर किंवा भाकरीवर लावावयाचे तर आंबविलेल्या मलईचे, ताजे, बिनमिठाचे किंवा अल्प मिठाचे लोणी निवडावे. फोडणी किंवा भाजणीसाठी त्यावर जादा पैसे खर्च करू नयेत, कारण तीव्र आचेवर तो नाजूक सुगंध उडून जातो. आणि घरी साय साठत असेल तर सर्वांत स्वादिष्ट लोणी कदाचित विकत घेण्याची गरजच पडणार नाही.

एक गोष्ट शेवटी विचारार्थ मांडतो. गुजरातेतील गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर सकाळी व सायंकाळी शेतकरी बायका दूध घेऊन येतात. त्यांच्या दुधातील स्निग्धांश तेथे मोजला जातो आणि त्यावरून त्यांना पैसे मिळतात. अंदाजाने किंवा दुधाच्या रंगावरून कोणी भाव ठरवीत नाही. जी बाई म्हशीला पहाटे चारा घालते तिच्या दुधाची पारख इतक्या काटेकोरपणे होते, आणि त्याच दुधाचे लोणी विकत घेणारे आपण मात्र चित्र पाहून पुडी उचलतो! तिच्या श्रमाचे मोल जाणावयाचे असेल तर आपणही आकडा वाचावा, वास घ्यावा, चव घ्यावी आणि मगच निवड करावी. लोण्याबाबत लागलेली ही सवय पुढे इतर पुष्कळ ठिकाणी उपयोगी पडेल.